शिबिरात सांगितलंस, सोनाळ्याला नाही

दादाराव,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माझं नाव पुकारलं आणि मी उठलो नाही. दोनदा पुकारलं. लोकांना वाटलं, पंचवीस वर्षांचा दोस्त, गळा दाटला असेल. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरं सांगू? रडू येत नव्हतं. उठलो असतो तर तुझ्या हार घातलेल्या फोटोकडे बघून, तुझ्या बायकोपोरांसमोर, तुला शिवी घातली असती. तेवढी लाज अजून शिल्लक होती, म्हणून मान खाली घालून बसलो.

त्याआधीचे काही दिवस मात्र मी तुझ्यासाठी खूप रडलो, हेही सांगून टाकतो. तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर पांढऱ्या फक्कीने रेषा मारत होतो. डबा तिथेच टाकला आणि सोनाळ्याहून निघालो. संग्रामपूरला बस स्टँडमागचं तुझं शिलाईचं दुकान बंद होतं आणि शटरसमोर दोन बाया ब्लाउज न्यायला येऊन उभ्या होत्या. त्यांना काही माहीतच नव्हतं. मास्तर कधी येतील, असं एकीने मला विचारलं. माझ्याच्याने सांगवलं नाही. आज येत नाहीत, एवढंच म्हणालो. मग तुझ्या ओसरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. ते रडणं खोटं नव्हतं. पण ज्या माणसासाठी रडलो तो पुरता तू नव्हतास, हे मला आठवड्याने कळलं, आणि तेही मांडवात, माइकवरून.

आपली ओळखच भांडणातून झाली. तालुक्याच्या शालेय कबड्डी स्पर्धा होत्या. मी नवा नवा शारीरिक शिक्षक, अंगात रग. तू पंच. तू माझ्या एका पोरीची चढाई बाद दिलीस आणि मी रेषेबाहेरून ओरडलो की पंचाचे डोळे घरी राहिले का. तू वळूनही पाहिलं नाहीस. सामना चालू असताना पंचाने कोचशी बोलायचं नसतं, बोलायचं तर कर्णधाराशी, तेही दोन शब्द. आम्ही हरलो. मी पोरींच्या पिशव्या गोळा करत होतो, इतक्यात तू दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन आलास. मला वाटलं, आता हा मला शिस्त शिकवणार. तू एक ग्लास माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "सर, मी कुठं उभा होतो ते आधी सांगतो."

आणि सांगितलंस. तू मध्यरेषेच्या अमुक टोकाला होतास. तिथून पोरीचा डावा पाय तुला दिसत होता, उजवा दिसत नव्हता, कारण मध्ये त्यांची कोपऱ्यातली खेळाडू आली होती. डावा पाय रेषेबाहेर पडलेला तू पाहिलास. उजव्याचं तुला काही सांगता येत नाही. जे दिसलं त्याचा निर्णय दिला, जे दिसलं नाही ते दिसलं म्हणून सांगणार नाही, असं म्हणून तू चहा संपवलास. निर्णय बदलणार नव्हता आणि मी हरलो होतो ते हरलोच होतो. पण माझा राग कुठे गेला ते मला समजलं नाही. तोवर कुठल्याही पंचाने मला कारण सांगितलं नव्हतं. पंच म्हणजे शिट्टी, बोट आणि पाठ, एवढंच मी पाहिलेलं.

पुढे ती तुझी रीतच झाली. दादाराव हरलेल्या कोचकडे जातो, हे जळगाव जामोदपासून मेहकरपर्यंत सगळ्यांना माहीत झालं. जिंकलेल्याकडे तू कधी गेला नाहीस. त्याला काय, तो पेढे वाटत असतो. हरलेले कोच पिशव्या भरून झाल्या तरी रेंगाळत. काही मुद्दाम तोंड फिरवून बसत, तरी तू जायचास. खामगावला एकाने तुझी आई-बहीण काढली. तू ऐकून घेतलंस आणि तो दमल्यावर, आपण कुठे उभे होतो ते सांगायला सुरुवात केलीस. मैदानावर आपण एकमेकांना अहो-जाहो करायचो. कारण सांगून झालं, ग्लास खाली ठेवला, की तू "चाल बे, भूक लागली" म्हणायचास आणि आपण परत दोस्त व्हायचो.

यावरून आपला वादही किती वर्षं चालला. तुझ्या दुकानात, मशीनच्या आवाजात, तू पायाने पायडल मारत आणि मी बाकावर बसून. माझं म्हणणं असं की कारण सांगितलं की पंच उघडा पडतो. आज एका कोचला कारण दिलंस तर उद्या दुसरा पुरावा मागेल, परवा तिसरा मोबाइल घेऊन येईल. तू म्हणायचास, मागू दे. कोच काही कोर्टात उभा नाही, त्याला घरी जाताना पोरांना काहीतरी सांगावं लागतं, ते खरं असलं पाहिजे. एकदा मी फारच ताणलं तेव्हा तू मशीन थांबवलीस. "कारण सांगणं म्हंजे माफी मागणं नाई. अन् माफी मागाची पाळी आली, तं तेही मीच जाईन, दुसऱ्याले नाई धाडणार." मी वाद तिथेच सोडला. हरलो म्हणून नाही. मला तू त्या दिवशी फार मोठा माणूस वाटलास.

आमच्या पोरींचे टीशर्ट-चड्ड्याही तुझ्याच मशीनवर शिवलेल्या असायच्या. त्यावरून लोक चिडवत, सोनाळ्याच्या पोरींची शिलाईही दादारावची आणि शिट्टीही दादारावचीच. म्हणून आमच्या सामन्यात तू दुप्पट कडक व्हायचास. मला त्याचा अभिमान वाटायचा. पोरींना मी पहिल्याच वर्षी सांगायचो, की दादाराव सर पंच असले तर निर्णयावर चकार शब्द काढायचा नाही. ते चुकत नाहीत, आणि चुकले तर स्वतः येऊन सांगतील. हा नियम पुस्तकात नव्हता. तुझ्या भरवशावर तो मी केला होता.

हा भरवसा मला तुझ्याकडून मिळाला तेव्हा मी तुझे उपकार मानले होते, आणि आजही एका अर्थी मानतो. हरून घरी कसं जायचं, हे मला तुझ्यामुळे आलं. त्याआधी हरलो की मी बसमध्ये पोरींवर डाफरायचो आणि संग्रामपूर येईपर्यंत कुणाची पाणी प्यायची छाती व्हायची नाही. नंतर मी त्यांना शांतपणे सांगू लागलो, काय झालं, का झालं. पोरी खिडकीत बसून गाणी म्हणत यायच्या. तुझ्याबद्दल चांगलं लिहायचं तर हे लिहिलं पाहिजे, आणि खोटेपणा नको म्हणून लिहिलं.

आता त्या सामन्याकडे येतो. तुला नियम सांगणं म्हणजे हसं करून घेणं आहे, पण हे दुसरं कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून लिहितो. कबड्डीच्या मैदानाच्या दोन्ही कडांना एक-एक पट्टी असते, तिला आपण लॉबी म्हणतो. चढाई करणारीने समोरच्या कुणाला हात लावायच्या आधी त्या पट्टीत पाय ठेवला तर ती बाद. आधी हात लागला असेल तर पट्टी खुली. म्हणजे सगळं त्या एका स्पर्शावर. तो झाला की नाही, हे पंचाने पाहायचं.

नऊ वर्षं झाली. जिल्ह्याची मुलींची फायनल, बुलडाण्याला, भर दुपारी. जिंकणारा संघ विभागावर, म्हणजे विभागीय स्पर्धेला, जाणार होता आणि सोनाळ्याहून तोवर एकही संघ विभागावर गेलेला नव्हता. शेवटची चढाई, गुण बरोबरीत, आणि माझी अश्विनी चढाईला. अकरावीतली, काडीसारखी, बोलायला कमी. चार वर्षं माझ्या हाताखाली होती. ती उजव्या कोपऱ्याकडे गेली, तिकडच्या पोरीने तिचा पाय धरायला झेप घेतली, अश्विनीने हात मारला, लॉबीतून पळाली आणि मध्यरेषेवर येऊन पडली. उठली तेव्हा तिचा हात वर होता. आमच्या पोरी नाचायला लागल्या होत्या. तेवढ्यात तुझी शिट्टी वाजली. स्पर्श नाही, लॉबीत पाय, चढाई बाद. त्या एका गुणाने आम्ही गेलो.

अश्विनी तुझ्यासमोर जाऊन उभी राहिली. आजवर कुणाशी वर मान करून न बोललेली पोर सगळ्या मैदानासमोर तुला म्हणाली, "हात लागला होता. तुम्ही खोटं बोलून राह्यले." मी धावत जाऊन तिला मागे ओढलं. स्टेजच्या मागे नेलं आणि विचारलं. एकदाच विचारलं. ती म्हणाली, "सर, आईची शपथ, तिच्या मनगटाले लागला."

मग मी तुझी वाट पाहिली. पिशव्या भरून झाल्या, बस उभी होती, तू आला नाहीस. गुणलेखनाच्या टेबलाशी बसून कागद भरत होतास. आणि इथे माझ्या डोक्याने जे केलं ते फक्त तुझा दोस्तच करू शकतो. मला वाटलं, तुला दुखावलंय. पोरीने चारचौघांत तुला खोटा म्हटलं, म्हणून तू कारण सांगायला येत नाहीस. तू चुकला असशील हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही, कारण चुकला असतास तर तू आलाच असतास. तुझं न येणं हा मी तुझ्या खरेपणाचा पुरावा धरला.

मी अश्विनीला म्हणालो, चल, सरांची माफी माग. ती नाही म्हणाली. मी म्हणालो, नाही मागितलीस तर परत मैदानावर पाय ठेवू नकोस. मग तिचा हात धरून मी तिला तुझ्या टेबलापर्यंत आणलं. तिने हात जोडले आणि खाली बघत म्हणाली, चुकलं माझं. तू मान वर केलीस. तिच्या डोक्यावर हात ठेवलास. "असू दे," म्हणालास, "लेकरू हाये." आणि परत कागदात डोकं घातलंस. मी आणखी थोडा वेळ उभा राहिलो, तू काही बोलशील म्हणून. तू पेनाचं टोपण शोधत राहिलास. परतीच्या बसमध्ये मी पोरींना सांगितलं की मोठं मन कसं असतं ते बघा. अश्विनी मागच्या सीटवर होती.

दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर आली नाही. आठवड्याने तिची आई शाळेत आली. पिशवीत तू शिवलेले कपडे होते, धुऊन, घडी करून. म्हणाली, ते पोरगी नाही म्हणते, सर. मी काही कारण विचारलं नाही. मला कारण माहीत आहे असंच मला वाटत होतं. पुढे कितीतरी वर्षं मी नव्या पोरींना अश्विनीचं उदाहरण द्यायचो. एक पोरगी होती, चढाईत तिच्यासारखी जिल्ह्यात नव्हती, पण तिला निर्णय पचला नाही आणि संपली. गर्वाचं घर खाली. नाव घेत नव्हतो, पण गावात कुणाला कळत नव्हतं?

त्यानंतर तू आमच्या सामन्यांना पंच म्हणून येणं बंद केलंस. दोस्ताचा संघ आहे, लोक बोलतात, बरं नाही, असं मला म्हणालास. तेही मला तुझं सोवळेपण वाटलं. कपडे मात्र शिवत राहिलास, आणि आधीपेक्षा जास्त जीव लावून. कमरेला दुहेरी शिलाई घालून द्यायचास, पोरींना पडताना लाज वाटायला नको म्हणून. आता ते दुहेरी शिलाईचं आठवलं तरी मला संताप येतो.

एकदा हिवाळ्यात तू सोनाळ्याला माझ्या घरी जेवायला होतास. भाकरी, मेथीची भाजी आणि ठेचा. मध्येच तू विचारलंस, ते अश्विनी काय करते आता. मी म्हणालो, बारावी झाली आणि लग्न करून दिलं, डोणगावला, मेहकर तालुक्यात. तू भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसलास. "खेळत राह्यली असती तं," म्हणालास, आणि थांबलास. मी म्हणालो, तिचा स्वभाव आड आला. तू माझ्याकडे पाहिलंस. मग माझ्या बायकोला म्हणालास, वहिनी, ठेचा वाढा थोडा. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, दादाराव. तू विचारायला आला नव्हतास, सांगायला आला होतास. तोंडाशी आलेलं तू ठेच्याबरोबर गिळून टाकलंस, आणि मी वेडा तुला वरून पाणी देत होतो.

हे सगळं मला आता कळतं, कारण मांडवात माझ्या आधी निखिल बोलला. तू तयार केलेला पंच, पंचविशी-तिशीतला, मला चेहऱ्याने ठाऊक होता. तो म्हणाला की दादाराव सर दरवर्षी पंचांच्या शिबिरात एक सामना सांगायचे. जिल्ह्याची फायनल, मुलींची, शेवटची चढाई, गुण बरोबरीत. मी सावरून बसलो. निखिलने तुझेच शब्द सांगितले, तुझ्यासारखा हात पुढे करून. "सर सांगत, मी शिट्टी वाजवली, अन् त्याच वक्ती त्या बचाववाल्या पोरीनं आपलं मनगट चोळलं. तवाच मले समजलं, हात लागला होता. शिट्टी वापस घ्याची हिंमत झाली नाई. अन् मंग कोचजवळ जाले पाय उचलला नाई. चूक होते, पोरांनो. पण मी गेलो नाई, ते चुकीपेक्षा वाईट झालं."

मांडवात बायामाणसं माना डोलावत होती. मागे कुणीतरी म्हणालं, असा माणूस होणे नाही. स्वतःची चूक स्वतः सांगायची म्हणजे काळीज लागतं. आणि मग माझं नाव पुकारलं गेलं.

कार्यक्रम संपल्यावर मी निखिलला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. विचारलं, ते किती वर्षं सांगायचे हे? तो म्हणाला, मी पहिल्या शिबिराला होतो तेव्हापासून, आठ वर्षं तरी झाली असतील. विचारलं, कोचचं नाव सांगायचे? नाही. गावाचं? नाही. मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. ती मुलगी नंतर माफी मागायला त्यांच्याकडे आली होती, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, ते सांगायचे का? निखिल जरा गोंधळला. "नाई सर. असं काई नव्हतं त्याच्यात."

नव्हतंच. शिंप्याचा हात तुझा. कबुली द्यायलाही तू कात्री लावलीस. लोकांना दाखवण्यासारखं तेवढं ठेवलंस आणि बाकीचं कापून टाकलंस. तिने हात जोडले तेव्हा तुला सगळं माहीत होतं. शिट्टी वाजली त्याच वेळी तुला कळलेलं होतं, म्हणजे त्यानंतरचा अर्धा तास तू कागद भरत नव्हतास, लपत होतास. आणि ज्या पोरीचं खरं होतं तिची माफी तू घेतलीस. घेतलीस, आणि वर तिला लेकरू म्हणालास.

मला का सांगितलं नाहीस, हे मी तुला कितीदा विचारलं असेन, दादाराव, मनातल्या मनात, मांडवातून निघून तुझ्या घरासमोरून बस स्टँडकडे चालत येताना. तुझ्या दुकानापासून माझं घर बसने अर्ध्या तासाच्या वाटेवर. आठ वर्षं तू नव्या पोरांना जमवून, फळ्यावर मैदान काढून, हे सांगत होतास. लोकांना ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे. चाळीस-पन्नास पंचांना माहीत होतं, माझ्या सामन्यांना शिट्टी वाजवणाऱ्या पोरांना माहीत होतं, आणि मी त्यांच्यासमोर उभा राहून माझ्या मुलींना सांगत होतो की निर्णय पचवायला शिका. माझा धडा केलास तू, आणि मलाच वर्गात घेतलं नाहीस.

का, हा प्रश्न उरतोच. दोस्ताच्या संघाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून तुझी शिट्टी घाईत वाजली का? तसं असेल तर मी समजू शकतो. खरंच समजू शकतो. तू त्याच दिवशी टेबलावरून उठून आला असतास आणि म्हणाला असतास, गड्या, घाण झाली माझ्याकडून, तर मी ओरडलो असतो, दोन महिने बोललो नसतो, आणि मग परत तुझ्या बाकावर येऊन बसलो असतो. विभागावर जाणं गेलं असतं, तेवढंच. एका गुणाची किंमत ती केवढी. पण तू माझी मैत्री वाचवायला गेलास की तुझं नाव, हे मला आता कोण सांगणार?

चार दिवस मी कुणाशी नीट बोललो नाही. बायको म्हणाली, मेलेल्या माणसावर एवढा राग धरू नये. मी म्हणालो, जिवंतपणी धरू दिला नाही त्याने. रविवारी सकाळी उठलो आणि बस धरली. खामगाव, मेहकर, मग डोणगाव. रस्ताभर मी तुझ्याविरुद्ध बोलत होतो. अश्विनीला काय काय सांगायचं, कोणत्या क्रमाने सांगायचं, सगळं ठरवत होतो. ती रडेल, असं वाटत होतं. तीही तुला नावं ठेवेल, आपण दोघे मिळून ठेवू, मग मला जरा हलकं वाटेल. खरं सांगतो, मी त्याचसाठी चाललो होतो.

तिचं घर विचारत गेलो. भाजीपाला पिकवणारं घर आहे. अंगणात ती मेथीच्या जुड्या बांधत बसली होती, दुसऱ्या दिवशी बाजार होता. मला पाहून उठली, डोक्यावर पदर घेतला, सर म्हणाली, आणि सासऱ्यांना हाक मारून माझ्यासाठी खुर्ची मागवली. अंगाने भरली आहे आता. चहा झाला, गावाकडची विचारपूस झाली, सासरे मळ्याकडे गेले. मग मी सांगितलं. तू गेल्याचं, मांडवातलं, निखिलचं, मनगट चोळलं ते, सगळं. तुला कशी कशी नावं ठेवायची तीही ठेवून झाली. ती ऐकत होती आणि तिचे हात चालूच होते, मूठभर मेथी घ्यायची, मुळं सारखी करायची, सुतळी गुंडाळायची.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "मले पंचाचा राग कव्हाच नव्हता, सर. पंच म्हंजे पंच. मी कशी हाये, ते त्यायले कुठं ठावं होतं. होते तसं खेळात."

मी म्हणालो, राग नव्हता तर मैदान का सोडलंस? तिने हातातली जुडी टोपलीत ठेवली.

"तुमच्या हाताखाली चार वर्सं होती मी. त्या चार वर्सांत कव्हा खोटं बोलली होती?"

मी म्हणालो, कधीच नाही.

"मंग?"

ती रागावून बोलली नाही. खरोखर विचारत होती, नऊ वर्षं विचारायचं राहून गेलेलं. तुझं नाव घेता आलं असतं. ते मी अर्धा तास घेतच होतो आणि तिने ते बाजूला ठेवून दिलं होतं. मी चुकलो, असं म्हणालो. ती बरं म्हणाली. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. निघताना वाकून पाया पडली, जुन्या विद्यार्थिनी पडतात तशी, आणि ते मला सगळ्यात जड गेलं.

परतीच्या वाटेवर मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही, दादाराव. आज बोलतोय. तू मला दगा दिलास, हे मी मरेपर्यंत म्हणेन, आणि तुला माफ केलं असं इथे लिहिणार नाही. त्या मांडवात सगळे तुझे गुण गात होते, त्यातले बरेच खरे होते, आणि त्यामुळेच तुझा दगा मला एवढा लागला. पण तू तिला खोटी म्हणाला नव्हतास. तू फक्त गप्प बसलास. खोटी मी म्हणालो. तिने आईची शपथ घेऊन सांगितलं तरी मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिलो, आणि तिचा हात धरून तिला तुझ्या टेबलापर्यंत नेणारा मी होतो.